कुमारी पिशोर

पट्टा ट्रंकेच्या अगदी तळाशी होता, आईच्या इरकली लुगड्याखाली. बाहेर काढला तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून, शपथेवर सांगते, हुरड्याचा. इतक्या वर्षांनी कापडात हुरड्याचा वास कुठून राहणार? मुग्धा म्हणाली, "मावशी, तुझं नाक थापा मारतंय." मारेना का. माझं नाक आहे, मला त्याचं खरं वाटतं.

मुग्धा माझ्या बहिणीची मुलगी. शिकायला माझ्याकडं असते. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात सौंदर्यस्पर्धा आहे, त्यात ती उतरलीय, आणि तेव्हापासून आमच्या घराला घरपण राहिलेलं नाही. सकाळी उठून उंच टाचांच्या सँडल घालायच्या, डोक्यावर पुस्तक ठेवायचं आणि दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टॉक टॉक करत चालायचं. खालच्या मजल्यावरचे काका परवा वर येऊन विचारून गेले, "काय ताई, फरशी बदलताय का?"

"आधी ओळख, मग कला, मग गाऊन, शेवटी प्रश्न," ती मला समजावत होती. "हे सगळं अमेरिकेतून आलंय. त्याचा फॉरमॅट असतो मावशी. तुला नाही कळणार."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर ट्रंक उघडलीच नसती. 'तुला नाही कळणार' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी उठले, पलंगाखालून ट्रंक ओढली, सामान उपसलं आणि पट्टा तिच्या मांडीवर टाकला. हळदी रंगाच्या हिमरू कापडाचा, त्यावर लाल रेशमानं साखळी टाक्यात भरलेली अक्षरं: कुमारी पिशोर. जागा पुरली नाही म्हणून शेवटचा 'र' अंग चोरून बसलेला, एसटीच्या बाकावर चौथा माणूस बसतो तसा.

"हे काय?"

"मी," म्हटलं.

मुग्धा सोफ्यावर आडवी पडून हसली. हसू दे. मलाही हसूच येत होतं, पण डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते पुसायला मी तोच पट्टा हातात घेतला होता म्हणून थांबले. हिमरूला पाणी लागू द्यायचं नाही, होस्टेलच्या मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं.

तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणायचे आणि आम्हाला 'होस्टेलच्या पोरी'. होस्टेल दगडी, दुमजली, मागं लिंबाचं झाड. रविवारी सगळं होस्टेल शिकेकाईनं दरवळायचं. गच्चीवर ओल्या केसांची रांगच्या रांग उन्हात बसलेली असायची आणि खालून गाडीवाल्याची हाक यायची, "जाम लेलो जाम, मीठे जाम." पेरूला आमच्याकडं जामच म्हणतात. मग दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, पैसे त्यातून जायचे, जाम त्यातून वर यायचे, आणि तिखटमीठ कुणाकडं आहे यावरून भांडणं व्हायची. माझ्या खोलीत स्टोव्हच्या रॉकेलचा वास कायमचा मुरलेला. त्या वासाला आम्ही सगळ्या शिव्या द्यायचो. आता कुठं रॉकेलचा वास आला तर मी दोन मिनिटं तिथंच रेंगाळते.

माझ्या शेजारची खाट वंदनाची. ती फर्दापूरची, अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याची. तिचे वडील लेण्यांत उजेड पाडायचं काम करायचे. तेव्हा आत दिवे नव्हते फारसे. बाहेर उन्हात मोठा आरसा धरायचा, आत पांढरा पत्रा, आणि उन्हाचा तुकडा उचलून चित्रावर नेऊन ठेवायचा. वंदना लहानपणापासून त्यांच्याबरोबर असायची. पाहुण्यांशी बोलून बोलून तिला इंग्रजी यायचं, मोडकंतोडकं जपानी यायचं, आणि कुठल्या देशाचा माणूस घासाघीस करतो, कुठला नाही, हेही तोंडपाठ होतं.

आणि आमच्या मोहिते मॅडम. इंग्रजी शिकवायच्या आणि होस्टेलच्या रेक्टरही त्याच. यजमानांच्या शिक्षणासाठी काही वर्षं अमेरिकेत राहून आलेल्या. तिथून त्यांनी काय काय आणलं असेल ते असो, आमच्यासाठी आणली ती ही स्पर्धा. तिथं शेजारीण त्यांना गावच्या शाळेच्या हॉलमध्ये घेऊन गेली होती म्हणे. एका पोरीनं व्हायोलिन वाजवलं, एकीनं काठी फिरवली, एकीनं तर स्टेजवर प्रवासाची बॅग भरून दाखवली, आणि जी पहिली आली तिला मुकुट आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च मिळाला. मॅडम सांगायच्या तेव्हा त्यांचे डोळे असे काही चमकायचे की आम्हालाही व्हायोलिन ऐकू यायचं.

संध्याकाळची प्रार्थना झाली की त्या एकेक गोष्ट सांगत. समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलवाल्यांनी हे काढलं, उन्हाळा संपला तरी पाहुण्यांनी थांबावं म्हणून. पोहायच्या कपड्यांत पोरींना चालवायचे आणि माणसं बघायला यायची. पुढं एक बाई त्या कामावर आली. तिनं म्हटलं, नुसते हार-फुलं आणि कोट काय देता, पोरींना शिकायला पैसे द्या. तेव्हापासून शिष्यवृत्ती आली.

"सगळ्या पोरींना घ्यायचे का, मॅडम?" वंदनानं विचारलं.

मॅडम थांबल्या. "नाही. कितीतरी वर्षं काळ्या मुलींना घेत नव्हते. मग काळ्या लोकांनी आपली वेगळी स्पर्धा काढली."

"म्हंजे तिथंबी तसंच," वंदना म्हणाली आणि पुन्हा आपल्या विणकामाला लागली. मॅडमनी मान हलवली.

पोहायच्या कपड्यांचा भाग आला तेव्हा मेसच्या मावशींनी पोळपाटावरून मान वर करून विचारलं, "मग पाणी कुठंय?" मॅडम म्हणाल्या, पाणी नसतं, नुसतं चालायचं. "पाण्याबिगर पोहायचं? येडी का काय ती लोकं," मावशी म्हणाल्या. मला वाईट वाटलं, कारण पोहायचंच असतं तर मी पहिली आले असते. आमच्या पिशोरच्या विहिरीत काठावरून सूर मारणारी मी एकटी पोरगी होते. तर तो भाग गळाला आणि त्याच्या जागी दोरीवरच्या उड्या आल्या.

बाकी सगळं मॅडमनी जसंच्या तसं ठेवलं. तिकडं पट्ट्यावर राज्याचं नाव असतं, आपल्याकडं गावाचं. हिमरू विणणाऱ्या एका चाचांकडून त्यांनी उरलेल्या पट्ट्या आणल्या, कुठली हळदी, कुठली जांभळी, बुट्टीदार. आम्ही पोरी जमिनीवर बसून नावं भरायचो. कुमारी फर्दापूर. कुमारी चितेगाव. एरवी ज्या गावाचं नाव सांगायची लाज वाटायची, शहरातल्या पोरी 'कुठं आलं हे' म्हणून नाक मुरडायच्या, ते नाव रेशमानं भरताना काय वाटायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सुई बोटात रुतायची आणि तेही बरं वाटायचं.

आणि एक नियम होता. राणी झालेल्या मुलीनं वर्षभर, पुढच्या राणीच्या डोक्यावर मुकुट ठेवीपर्यंत, लग्न करायचं नाही आणि होस्टेल सोडायचं नाही. तिकडं तसंच असतं, मॅडम म्हणाल्या.

माझं सगळं लक्ष त्या नियमावर होतं. वंदनाला शिष्यवृत्ती हवी होती, घरून पाठवायला काही नव्हतं. मला पैशाची अडचण नव्हती. आमची शेती बागायती, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, कधी हात आखडता घेतला नाही. मला हवी होती परवानगी. दिवाळीतच आण्णा बोलले होते, "बीएस्सीचं दुसरं वरीस झालं की बास. लई शिकली की जोडीचा मिळत नाय." आण्णा वाईट नव्हते हो. तसं बोलायची रीत होती. पण माणूस नियमाचा. एसटीत कोंबडी नेली तर कंडक्टरनं न मागता तिचं तिकीट काढणारा. राणी झाले आणि त्यांना नियम सांगितला, तर आण्णा तो मोडणार नाहीत, एवढा माझा हिशेब होता. एक वर्ष मिळालं की पदवी हातात.

तर त्या हिशेबात आत्या शिरली.

सुमनआत्या म्हणजे आण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान चितेगावच्या कारखान्यात, म्हणून ती तिथं राहायची. स्पर्धेचं तिच्या कानावर गेलं. पोरी नटूनथटून येणार, एकेक करून चालून दाखवणार, नाव-गाव सांगणार, काय येतं ते करून दाखवणार आणि शेवटी मोठी माणसं एक प्रश्न विचारणार. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं मग हा दाखवायचाच कार्यक्रम की. पोहे तेवढे नाहीत." आणि तिनं तिच्या ओळखीतल्या एका बाईंना निरोप धाडला. मुलगा त्याच कारखान्यात, एकुलता, घर स्वतःचं. मुलगी बघायला घरी कशाला, हॉलमध्येच या.

मला हे कळलं ते आदल्या दिवशी. वंदना माझ्या केसांना तेल लावत होती. मी म्हटलं, चांगली चालले तर सासूला पसंत पडेन. वाईट चालले तर मुकुट जाईल. आणि मुकुट गेला की आहेच सासू.

वंदनाची बोटं केसांतून फिरत राहिली. मग म्हणाली, "तू चांगलीच चाल. पुढचं पुढं बघू. मी बी चांगलीच चालणार हाय, सांगून ठेवते."

हे मला तिचं आवडायचं. माझ्यासाठी ती मुद्दाम हरणार नव्हती आणि मीही तिला तसं म्हटलं नाही.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. दुपारचीच वेळ धरली होती, परगावच्या पालकांना शेवटची एसटी मिळावी म्हणून. हॉलच्या पडद्यांना कुबट वास, त्यावर शेवंतीच्या गजऱ्यांचा, त्यावर पावडरचा. आण्णा पिशोरहून आले ते खांद्यावर हुरड्याची आणि बोरांची पिशवी घेऊन. ती माझ्याच हातात दिली. मी ती पट्ट्यावरच धरून उभी राहिले. हुरडा कोवळा, निघता निघता भाजलेला, कापडातून अजून ऊब लागत होती. तोच हा वास, मुग्धाला येत नाही तो.

पहिल्या रांगेत आत्या, तिच्या शेजारी त्या बाई. अंजिरी काठापदराचं लुगडं, मांडीवर वेताची पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. नारळ बघितला आणि कळलं, या ठरवूनच आल्यात.

आत्यासारखाच विचार आणखीही घरांनी केलेला दिसत होता. हॉलमध्ये सगळ्या अशाच बायका, चष्मे पुसून तयार. पोरींनाही रक्तातलीच सवय. पडदा सरकला की एकेक जण डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याकडं बघत निघायची. विंगेतून मॅडम दबक्या आवाजात ओरडताहेत, "वर बघा गं, वर बघा." कुमारी चितेगाव चालत पुढं गेली आणि थेट परीक्षकांच्या पाया पडली. झालं. आता पुढचीनं न पडून कसं चालेल? आगाऊ दिसेल. सगळ्या पडल्या. परीक्षक तिघं होते, एक डॉक्टरीणबाई, एक निवृत्त प्राचार्य आणि रेडिओवर बोलणाऱ्या एक बाई. प्राचार्यांनी शेवटी पाय खुर्चीवर घेतले आणि मांडी घालून बसले.

मी वर बघून चालले. मला मान खाली घालायची भीती वाटत होती, नारळ दिसेल म्हणून.

कलेत मी पाखडून दाखवणार होते. हसू नका. मॅडमनाच ते आवडलं होतं. स्टेजवर चटई, सूप, दोन शेर ज्वारी, आणि पाखडता पाखडता मी सांगत होते की कुठला आवाज आला म्हणजे कोंडा वर आला आणि कुठला आला म्हणजे खडे खाली बसले. सुपाला ताल असतो. फट् फट् सर्रर, फट् फट् सर्रर. हॉल गप्प झाला. थोडा कोंडा उडून रेडिओवाल्या बाईंच्या नाकात गेला आणि त्या शिंकल्या, तेवढंच. मला वाटलं, जमलं. आणि पहिल्या रांगेतून अंजिरी काठवाल्या बाईंचा आवाज आला, आत्याला सांगत होत्या, पण साऱ्या हॉलला ऐकू गेला, "हात बगा पोरीचा. एक दाणा सांडला नाय."

मेले, म्हटलं.

मग वंदना आली. हातात तिच्या वडिलांचा आरसा, कोपऱ्यातून तडा गेलेला. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा स्टेजवर पडत होता. तिनं मॅडमना दिवे बंद करायला सांगितलं. आरसा तिरका केला आणि ऊन उचललं. मागच्या करड्या पडद्यावर उजेडाचा एक तुकडा जाऊन बसला.

"हिकडं बघा," ती म्हणाली. "हा राजपुत्र. ह्याच्या हातात कमळ हाय. डोळे खाली हायेत, पण झोपलेला नाय. कुणाचंतरी ऐकतोय." उजेड हळूच सरकला. "ही त्याची दासी. हिच्या गळ्यातल्या मोत्यांवर बघा, उजेड असा आडवा धरला की मोती फुगतात." मग तेच इंग्रजीत. मग दोन वाक्यं जपानीत, मग दख्खनी ढंगानं, "देखो साब, आँखें देखो, जिधर चलो उधर देखती." पडद्यावर काहीही नव्हतं. जुना करडा कपडा आणि एक ठिगळ. पण माझ्यासमोर तो राजपुत्र होता, आणि प्राचार्य मांडी सोडून पुढं वाकून बघत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला की ती माझ्याविरुद्ध उभी आहे हे मी साफ विसरले. विंगेत टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले.

शेवटी प्रश्न. पितळी डब्यातून चिठ्ठी काढायची. माझी डॉक्टरीणबाईंनी वाचली. "एका वर्षानंतर तू कुठं असशील?"

सोपा प्रश्न होता. पोरी रंगवून सांगायच्या, देशसेवा, समाजकार्य. मीही पाठ केलं होतं काहीतरी. पण समोर आण्णा होते, टोपी मांडीवर ठेवून. आत्या होती, नारळ होता. माइकमधून माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

"इथंच," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं फळीवर असतील. सकाळी प्रयोगशाळा असेल." आणि मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेच बाहेर आलं. "म्हंजे, राहू दिलं तर."

कुणी टाळी वाजवली नाही. मी मागं फिरले तेव्हा विंगेत मॅडम उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

वंदना राणी झाली. व्हायलाच हवी होती. पुठ्ठ्याच्या मुकुटावर काचमणी चिकटवलेले होते, ते उन्हात लखलखले. तिनं मला मिठी मारली तर मुकुट माझ्या कपाळाला बोचला. मी दुसरी. माझ्या हातात निशिगंधाचा गुच्छ आला. खाली आत्या उठून आण्णांकडं सरकत होती आणि त्या बाईंनी पिशवीतून नारळ बाहेर काढला होता.

तेवढ्यात मॅडम नियमांचा कागद घेऊन माइकपाशी आल्या. "एक नियम वाचायचा राहिला," त्या म्हणाल्या. "राणी आजारी पडली, तिला काही अडचण आली, तर दुसरीनं राणीचं काम सांभाळायचं असतं. म्हणून दुसरीलाही तोच नियम लागू आहे. वर्षभर लग्न नाही आणि होस्टेल सोडायचं नाही. अमेरिकेत असंच आहे."

आत्या तिथंच म्हणाली, "दादा, पोरींचा खेळ हाय हा. खेळाचा कसला नियम?"

आण्णांनी टोपी डोक्यावर घातली. "खेळाला नियम नसत्यात व्हय? कबड्डीत रेघ नसती का?" मग स्टेजकडं बघत म्हणाले, "चार लोकांत वाचलाय. आपल्या पोरीनं पट्टा घातलाय. नियम म्हंजे नियम."

"वरीसभर थांबायचं आमच्यानं व्हायचं नाय, बाई," त्या अंजिरी काठवाल्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. नारळ परत पिशवीत गेला. जाताना मात्र मी पाखडलेली ज्वारी त्यांनी आत्याकडून मागून घेतली. स्वच्छ होती, वाया कशाला घालवायची.

त्यानंतरचं वर्ष. काय सांगू त्याचं. सकाळी प्रयोगशाळेत अमोनियाच्या वासानं डोळे झोंबायचे, दुपारी गच्चीवर जाम, थंडीत हवा निवळली की लांबवर दौलताबादचा किल्ला निळा दिसायचा. वंदनाचा मुकुट आरशाच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याच्या खळीला मुंग्या लागायच्या. आण्णा बाजाराला आले की होस्टेलच्या फाटकाशी येऊन आधी विचारायचे, "राणीची तब्येत कशी हाय?" तिला काही झालं तर आपल्या पोरीवर भार येईल, हे ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. तिच्यासाठी डिंकाचे लाडू आणायचे. आमच्या घरात तेव्हा कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, हे बघितलं जायचं. वंदना बौद्ध आहे हे आण्णांना ठाऊक होतं. तिनं तांब्या पुढं केला तेव्हा ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "राणीनं दिलेलं नाय कसं म्हणायचं," आणि घटाघटा प्यायले. पुढं पिशोरला घरीही तिच्या हातचं जेवले.

मला पदवी मिळाली. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, जन्मभर लोकांच्या शेताची माती हुंगली. लग्नही झालं, रीतसर, पोहे देऊन. वंदना पुण्याला कॉलेजात शिकवून निवृत्त झाली. अजून संक्रांतीला तिचा फोन येतो. "राणीसरकार बोलतायत," ती म्हणते. मी म्हणते, "राखीव ऐकतेय."

एवढं सगळं ऐकून मुग्धा म्हणाली काय, तर, "पण मावशी, रनरअपला असा नियम नसतो."

"तुला काय माहीत?"

"अगं, मी सगळं वाचलंय. राणीला जमलं नाही तर तिला बोलावतात, तोवर ती मोकळीच. आता तर काही ठिकाणी लग्न झालेल्यांनाही घेतात. तिथल्या त्या सगळ्यात जुन्या स्पर्धेनं पोहायच्या कपड्यांचा भागही काढून टाकला."

मला राग आला. कुणी माझ्या घराच्या पायातला दगड हलवून बघावा तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुग्धाला हाताला धरून उठवलं, पट्टा पिशवीत घातला आणि मॅडमकडं घेऊन गेले. त्या मुलाकडं राहतात, ज्योतीनगरात. आता दिसत नाही फारसं, पण कान तिखट आहेत. पट्टा हातात दिला तर बोटांनी चाचपून म्हणाल्या, "हिमरू. कुणाचा?" आणि एकेक अक्षर बोटानं वाचत गेल्या. "पि, शो. अगं, हा 'र' किती दाबलास."

"मॅडम, हिला सांगा," मी म्हटलं. "दुसरीनंही वर्षभर लग्न करायचं नाही, हा नियम अमेरिकेत होता ना?"

"नाही."

मुग्धानं माझ्याकडं बघितलं नाही, तेवढी समज तिला आहे.

"तिथं दुसरीला फुलं देतात आणि घरी पाठवतात," मॅडम म्हणाल्या. "मला तुला घरी पाठवायचं नव्हतं."

मला आण्णांची आठवण आली. कोंबडीचं तिकीट काढणारा माणूस माझा, आणि एका खोट्या नियमासाठी वर्षभर फाटकाशी उभा राहिला. "आण्णांना कधी कळलंच नाही," मी म्हटलं.

"कळलं होतं की," मॅडम म्हणाल्या. पट्ट्याची घडी घालत होत्या. "त्याच दिवशी, एसटीला निघताना माझ्याकडं आले. म्हणाले, बाई, हा शेवटचा नियम तुमचा दिसतोय. मी म्हटलं, हो. मला वाटलं, आता हा माणूस तुला घेऊन जाणार. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, 'मग पुढल्या वर्षीबी वाचा.'"

"वाचलात?"

"दर वर्षी."

घरी आल्यावर मुग्धानं पट्टा पिशवीतून काढला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून हुंगला.

"येतोय गं मावशी," ती म्हणाली. "हुरड्याचा."